वाचकांचे प्रश्न : जुनी कुलुपं, नवी चावी

बंद पडलेल्या गिरण्या, विकले गेलेले यंत्रमाग, रेल्वेचे लिलाव यांमुळे सोलापूरच्या भंगारात जुन्या कुलपांची कमतरता नाही. ती घेऊन आतली रचना बदलायची आणि नवी चावी बसवायची, हा छंद करणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : यंत्रमागाच्या शेडचं सामान निघालं त्यात एक पेटी कुलुपं वजनावर मिळाली. पितळी आणि पोलादी मिळून अठरा आहेत, चाव्या मात्र पाचच. सगळ्यांना एकच चावी चालेल असं करता येईल का? — एक वाचक, अक्कलकोट रोड

सगळ्यांना नाही. किती जणांना होईल, हे आधी वाटणी केल्यावर कळेल. बॅटरीच्या उजेडात चावीचं भोक बघा. भोक अरुंद आणि नागमोडी असेल, आणि तोंडाशीच एक गोल टोक दिसून सुईने दाबल्यावर ते वर जाऊन परत खाली येत असेल, तर ते पिनचं कुलूप. भोक रुंद असेल आणि आत पत्त्यांच्या कडा एकावर एक दिसत असतील तर लिव्हरचं. अलीगढची बहुतेक जुनी पितळी कुलुपं आणि गोदरेजची नवताल या दुसऱ्या घरातली. तिसरा प्रकार म्हणजे आत नुसते अडसर असलेलं साधं कुलूप. त्यात एकाची चावी दुसऱ्याला पुष्कळदा तशीही लागते; त्यावर वेळ घालवू नका.

पिनच्या आणि लिव्हरच्या कुलपांना एक चावी कधीच होणार नाही. पिनच्या कुलपांतही चावीच्या पात्याच्या अंगावरची लांब खाच जुळली पाहिजे. पाचही चाव्या प्रत्येक कुलपात घालून बघा. जोर न लावता शेवटपर्यंत गेली तर खाच तीच आणि लांबीही पुरेशी. समजा एक चावी सात कुलपांत पूर्ण शिरली, तर त्या सातांची एक चावी होऊ शकते. ती फिरते की नाही, हा प्रश्न इथे येतच नाही. फिरवणं आपल्याच हातात आहे.

आता अडचण चावी नसलेल्यांची. ज्या कुलपांचं सिलिंडर (पिना बसवलेला आतला पूर्ण भाग) काढता येतं, त्यांत ते धरून ठेवणारा स्क्रू बहुधा वरच्या वाकड्या दांडीच्या भोकात तळाशी असतो, आणि दांडी उघडल्याशिवाय तिथे पेचकस पोचत नाही. म्हणजे नवी चावी बसवायलाही एकदा जुन्या चावीने उघडावंच लागतं. अशी कुलुपं खरेदीची पावती घेऊन चावीवाल्याकडे न्या. तो कोरी चावी आत दाबून पिनांच्या खुणा काढतो आणि त्यावरून कानशीने दात पाडतो. एक चावी झाली की पुढचं काम तुमचं. ड्रिल घालून सिलिंडर फोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तसलं सिलिंडर दुसरं मिळेल का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा मिळत नाही.

प्रश्न : पिनच्या कुलपाची चावी बदलण्याची पूर्ण कृती द्यावी. हत्यारं कोणती लागतात? — विद्यार्थी, जुळे सोलापूर

हत्यारं थोडीच. ०.०२ मिमी मोजणारा व्हर्निअर, बारीक टोकाचा चिमटा, छोटे पेचकस, बारीक कानस आणि प्लगच्या जाडीची गोल दांडी. ही दांडी म्हणजे या कामाचा कणा. प्लग म्हणजे चावीबरोबर फिरणारा आतला दंडगोल. त्याच्या प्रत्येक भोकात खालची पिन चावीच्या दातावर टेकते आणि तिच्यावर बाहेरच्या भागातली वरची पिन स्प्रिंगने दाबलेली असते; दोघींमधला सांधा प्लगच्या पृष्ठभागाशी आला की प्लग फिरतो. त्याचा व्यास व्हर्निअरने मोजा (मोठ्या कुलपांत १२.७ मिमीच्या आसपास असतो, पॅडलॉकमध्ये, म्हणजे टांगत्या कुलपांत, पुष्कळदा कमी) आणि दांडी त्याहून ०.१ ते ०.२ मिमी बारीक करून घ्या. पितळ, ॲल्युमिनियम किंवा सागवान, काहीही चालेल; टोक सपाट आणि काटकोनात हवं. काम परातीत पांढरं फडकं अंथरून करा. पिनांवरच्या स्प्रिंगा फरशीवर उडाल्या की गेल्याच म्हणून समजा.

कुलूप उघडा, कुलपाच्या वाकड्या दांडीच्या भोकातला स्क्रू काढा, सिलिंडर खालून बाहेर घ्या. प्लगच्या मागच्या टोकाला चकती, क्लिप किंवा टोपण असतं. ते कसं बसलं आहे याचा फोटो काढून मगच सोडवा. मग चावी घालून प्लग साधारण १५ अंश फिरवा. असं फिरवल्यावर वरच्या पिना प्लगच्या भोकांसमोर राहत नाहीत. आता मागून दांडी प्लगला टेकवा आणि दांडीने ढकलत प्लग पुढून बाहेर काढा. दोघांच्या मधे केसाइतकीही फट पडू देऊ नका. फट पडली की वरची पिन आणि स्प्रिंग त्यात उतरते आणि पुढे काहीच सरकत नाही. दांडी आत तशीच राहू द्या. वरच्या पिना तिने धरल्या आहेत.

प्लग अर्धा वळसा, म्हणजे १८० अंश, फिरवून बाहेर ओढू नका. काही प्लगांत चावी जाण्याची खाच खालच्या बाजूने उघडी असते. वरच्या पिना त्या फटीत घुसतात आणि प्लग अडकून बसतो.

प्लग हातात आला की चावी काढा आणि उपडा करून खालच्या पिना फडक्यावर ओता, पण क्रमाने. चावीच्या तोंडाकडची पहिली, मग दुसरी. प्रत्येकीची लांबी लिहून ठेवा. खालच्या पिनेचं एक टोक निमुळतं असतं, ते चावीच्या दाताकडे. सपाट टोक वर. उलटी पडलेली एकच पिन सगळं कुलूप अडखळवते.

आता नवी चावी रिकाम्या प्लगमध्ये पूर्ण सरकवा आणि प्रत्येक भोकाला किती लांबीची पिन हवी ते काढा. व्हर्निअरची मागची पट्टी या भोकात जात नाही, म्हणून उलटा हिशेब करायचा. लांबी माहीत असलेली, जरा मोठीच पिन भोकात टाका. प्लगच्या तळापासून पिनेच्या डोक्यापर्यंत मोजा. समजा प्लग १२.७० मिमीचा आहे, पिन ६.०० मिमीची आहे आणि माप १३.१० आलं. म्हणजे पिन ०.४० वर आली, तुम्हाला ५.६० मिमीची पिन हवी. अशी पाच-सहा भोकं मोजायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पिना कुठून आणायच्या? मेलेल्या कुलपांतून. खरंतर हेच वजनावर घेतलेल्या पेटीचं मोल आहे. मोठ्या कुलपांत पिनेचा व्यास साधारण २.९ मिमी असतो. तोच व्यास पाहून घ्या. ०.१ मिमीने बारीक पिनसुद्धा भोकात तिरकी होते. लांब पिन लहान करायची तर सपाट टोकाकडूनच. हँडड्रिलच्या चकमध्ये हलके धरून फिरवा, फिरत्या टोकाला बारीक कानस लावा आणि शेवटी कडेची धार जराशी मोडा. पितळ मऊ असतं, दोन-तीन फेऱ्यांत ०.१ मिमी जातं, म्हणून दर वेळी मोजा.

सगळ्या पिना टाकल्यावर चावी आत असताना प्लगवरून बोट फिरवा. कुठेही टोचायला नको. पिन प्लगच्या पृष्ठभागाच्या ०.०५ मिमी खाली असेल तर चालते. वर असेल तर चालत नाही. त्यानंतर प्लग पुन्हा १५ अंश तिरका धरून दांडीला टेकवा आणि दांडीला बाहेर ढकलत आत न्या. चकती, क्लिप, स्क्रू बसवण्याआधी तीन गोष्टी तपासा. नवी चावी दोन्हीकडे सहज फिरते का, जुनी चावी फिरत नाही ना, आणि त्याच खाचेची कोरी चावी फिरत नाही ना.

एक सूचना. झिजलेली जुनी चावी मूळ धरून सात कुलपं जुळवू नका. तिच्यावरून दुकानात काढलेल्या नकलेत झीजही उतरते आणि कापण्यातली चूक वर पडते, मग सातही कुलपं नकलेला नखरे दाखवतात. आधी एक नवी, स्वच्छ कापलेली चावी करून घ्या, तिच्या दोन नकला काढा, आणि तिन्ही सारख्या निघाल्या तरच पिनांना हात लावा. दात ठरवताना शेजारच्या दोन दातांत फार मोठा उतार ठेवू नका. भोकांच्या मध्यांमधलं अंतर बहुधा ४ मिमीच्या आतबाहेर असतं. एक दात अगदी उथळ आणि शेजारचा अगदी खोल केला, की खोल दाताचा उतार उथळ दाताची सपाटी खातो आणि पिन तिथे टेकूच शकत नाही.

प्रश्न : वरीलप्रमाणे पिना बदलल्या. चावी फिरते, पण मधेच अडकते आणि कधी कधी अर्धवट फिरलेली असताना बाहेर येते. चावीवाला म्हणतो, प्लग वरून घासून देतो. द्यावा का? — वाचक, होटगी रोड

देऊ नका. घासल्याने चावी लगेच फिरते, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण पिना वर आल्या म्हणून प्लगच कापला, तर भोकांच्या कडा गोल होतात, वरच्या पिना त्या कडेत पाचरीसारख्या बसतात आणि महिन्याभरात अडकणं वाढतं. शिवाय मधली फट मोठी झाल्याने जवळपासच्या चाव्याही लागू लागतात. घासलेला प्लग पूर्ववत करता येत नाही. पिन मात्र बदलता येते.

फिरलेल्या अवस्थेत चावी निसटते याचा अर्थ पिना आखूड आहेत. प्लग फिरलेला असताना खालच्या पिना वरच्या भिंतीने दाबलेल्या राहतात आणि चावीचे उंचवटे त्यांच्याखालून सरकू शकत नाहीत. पिन आखूड असेल तर तेवढी जागा मिळते. मधेच अडकण्याचं कारणही तेच असू शकतं. पिन खाली राहिली की वरची पिन थोडी प्लगमध्ये उतरते आणि कडेला घासते. पुन्हा प्लग काढा, चावी घालून उजेडासमोर आडवा धरा आणि कोणती भोकं खोलगट दिसतात ते बघा.

वरच्या पिनाही तपासा. खालची पिन बरीच लांब आणि तिच्यावरची पिनही लांब असेल तर दोघी मिळून स्प्रिंग पूर्ण दाबतात. चावी आत घालतानाच जड जाते. लांब पिनेवर आखूड आणि आखूड पिनेवर लांब अशी जोडी लावा. परदेशी लष्करी साठ्यातल्या काही पोलादी कुलपांत पिनांवर बारीक आडव्या खाचा किंवा मधे कंबर असते. ती चोराला अडवण्यासाठी केलेली असते, खराबी नव्हे. अशा पिना कापून लहान करू नका. हव्या त्या लांबीच्या साध्या पिनेने बदला, पण निदान एक-दोन भोकांत तरी मूळच्या राहू द्या.

प्रश्न : अलीगढी पितळी लिव्हर कुलपाची चावी हरवली होती, चावीवाल्याने नवी केली. हरवलेली चावी लागू नये म्हणून आतून बदल करायचा आहे. — गृहिणी, साखर पेठ

करता येतो, मात्र हे काम पिनांपेक्षा जड आहे. कुलूप रिव्हेटने बंद केलेलं असतं आणि रिव्हेटची डोकी घासून पितळात मिसळलेली असतात. पाठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवला की वर्तुळं दिसू लागतात. मध्यावर पंच मारा आणि रिव्हेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोकं काढा. आरपार भोक मोठं करत गेलात तर पुन्हा घट्ट बसणार नाही. पत्रा पातळ असेल तर मात्र हे कुलूप तसंच ठेवावं. वाकलेला पत्रा पूर्वीसारखा बसत नाही आणि बोल्ट, म्हणजे कुलूप अडकवणारी सरकती पट्टी, आत खडखडत राहतो.

झाकण उघडल्यावर आधी फोटो, मग हात. लिव्हर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पत्त्या. प्रत्येकीला स्प्रिंग, खाली चावी टेकणारं पोट आणि मधे एक दार. चावी फिरली की प्रत्येक पत्ती ठरावीक उंचीवर येते, सगळी दारं एका रेषेत येतात आणि बोल्टवरचा खुंट त्यातून सरकतो. नव्या चावीसाठी नव्या पत्त्या लागत नाहीत. आहेत त्याच पत्त्यांचा क्रम बदला आणि चावीचे दात त्याच क्रमाने कापून घ्या. सहा वेगवेगळ्या पत्त्या असतील तर क्रम ७२० होतात. प्रत्यक्षात दोन पत्त्या सारख्या निघतात, त्यामुळे संख्या निम्म्यावर येते, तरी एका घराला भरपूर. दोन पत्त्यांचीच अदलाबदल करून थांबू नका. त्या दोघींच्या उंचीत फरक थोडा असेल तर जुनी, झिजलेली चावी जोर लावून फिरते. निदान चार जागा बदला, आणि बोल्ट ढकलणाऱ्या दाताची जागा तीच राहू द्या.

पत्तीचं दार कानशीने रुंद करू नका. किल्ली अडते तेव्हा हाच मोह होतो, आणि त्यानंतर शेजाऱ्याची चावीही लागते. किल्ली अडली तर दात ०.१ मिमीने कमी करा, दार नको. खुंट कुठे टेकतो हे दिसण्यासाठी दारांच्या कडांवर मार्करची काळी शाई लावून दोन-तीनदा चावी फिरवा. शाई जिथे खरवडली जाते ती पत्ती चुकीची.

सगळं जुळेपर्यंत रिव्हेटऐवजी ३ मिमीचे बसक्या डोक्याचे स्क्रू लावा. आठवडाभर वापरून बघा. मग ३ मिमीची पितळी सळई आरपार घालून दोन्ही बाजूंना २ मिमी बाहेर ठेवा, भोकांची तोंडं आधी रुंद केलेली असावीत, आणि हातोडीच्या गोल टोकाने हलके ठोके द्या. एकदम ठोकलं तर सळई आत वाकते आणि पत्त्या जाम होतात. दर चार ठोक्यांनी चावी फिरवा.

प्रश्न : तेल कोणतं घालावं? — अनेकांचा प्रश्न

खोबरेल, करडईचं, शेंगदाण्याचं, यांपैकी कोणतंही नाही. खोबरेल थंडीत गोठतं आणि बाकीची तेलं हवेने चिकट होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात शटरचं कुलूप दिवसभर भाजतं, त्यावर धूळ आणि मागाच्या शेडमध्ये सुताचं तूसही बसतं. तीन-चार महिन्यांत पिना चिकटून बसतात. पिनच्या कुलपात कोरडी ग्रॅफाइट पूड घाला. मऊ पेन्सिलीचं शिसं कुस्करून तात्पुरतं चालतं, पण त्यात मातीही असते. लिव्हरमध्ये शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र झालं की त्याचा चिखल होतो. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि धुवायला चांगलं, वंगण म्हणून टिकत नाही. आधी तेल पडलेलं असेल तर सिलिंडर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, दाताच्या ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा. मृगाच्या आधी एकदा हे काम केलं की वर्ष निघतं.

प्रश्न : मागाच्या चार शेड आहेत. प्रत्येक मुकादमाकडे आपली चावी आणि माझ्याकडे चारही उघडणारी एक, असं जुन्या कुलपांत होईल का? — कारखानदार, एमआयडीसी

होईल. काही भोकांत खालच्या आणि वरच्या पिनेच्या मधे एक पातळ चकतीवजा पिन घालायची, म्हणजे त्या भोकात प्लग फिरू शकेल अशा दोन उंच्या होतात. पण हिशेब नीट बघा. पाचही भोकांत चकती घातली तर २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२ वेगवेगळ्या दातांच्या चाव्या ते कुलूप उघडतात. तुम्हाला त्यातल्या दोनच हव्या आहेत. म्हणून चकती दोनच भोकांत घाला. तेवढ्याने चार चाव्या लागतील अशी जागा होते, आणि चार शेडना पुरेसे फरक त्या दोन दातांतूनच काढता येतात, कारण उरलेले दात मालकाच्या चावीसारखेच राहतात: कोणत्या शेडमध्ये कोणत्या दोन भोकांत चकती आहे, ते बदलता येतं. कागदावर तक्ता मांडून प्रत्येक मुकादमाची चावी इतर तीन शेडना लागत नाही, हे आधी तपासा. चकती ०.४ मिमीपेक्षा पातळ करू नका. तेवढी पातळ चकती भोकात आडवी पडते आणि प्लग अडकतो. ०.७५ मिमीच्या आसपास ठेवा. रोकड किंवा सुताचा साठा असलेल्या खोलीला मात्र यातलं कुलूप लावू नका.

प्रश्न : जी.आय.पी.आर. अशी अक्षरं असलेलं पितळी कुलूप मिळालं. चावी बसवावी का? आणि असलं सामान, हत्यारं बाळगणं कायद्यात बसतं का? — वाचक, रेल्वे लाइन्स

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे कुलूप खरं असेल तर त्याआधीचं. शोभेसाठी नव्याने ओतलेलीही बाजारात असतात. ज्यात दांडीच्या बिजागरीशी आणि चावीच्या भोकाच्या कडेला झीज नाही आणि अक्षरांत ओतीव खड्डे दिसतात, ते संशयास्पद समजा. खरं असेल तर आतल्या पत्त्यांना हात लावू नका. मूळ पत्त्यांना जुळणारी चावी करून घ्या, पॉलिशही नको. चिंच-मीठ लावून चकचकीत केलेलं पितळ दोन दिवस छान दिसतं, पण आम्ल रिव्हेटच्या फटीत राहिलं तर तिथलं जस्त आधी निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं.

कायद्याबद्दल : छंद म्हणून स्वतःच्या कुलपांवर काम करायला परवाना लागत नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद परिस्थितीत घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं आणि समाधानकारक कारण देता आलं नाही, तर कारवाई होते. हत्यारांची पिशवी घरीच ठेवा. रेल्वेच्या खुणेच्या वस्तूंसाठी रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ आहे. चोरीची असावी असा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता जवळ आढळली तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून लिलावाची किंवा भंगारवाल्याची पावती मागून घ्या, त्यावर कुलपांची संख्या आणि खुणा लिहून घ्या. पावती द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडचं खुणेचं कुलूप घेऊच नका.

प्रश्न : पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेलं कुलूप आहे. त्यात हे सगळं जमेल? — वाचक, कन्ना चौक

क्वचित. थर तळाशी रिव्हेटने बांधलेले असतात. रिव्हेट काढले की सगळे पत्रे सुटे होतात आणि स्प्रिंगांसह परत रचणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तळाला सिलिंडर बदलण्यासाठी वेगळी सोय असलेले काही प्रकार मिळतात. तशी ती नसेल तर कुलूप उघडून त्याच्या पिना आणि स्प्रिंगा काढून डबीत ठेवा. व्यास लिहिलेली चिठ्ठी आत टाकायला विसरू नका.